मशेरी : एका चिमटीचा चारशे वर्षांचा प्रवास

बचतगटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की आम्ही आधी सकाळचं विचारतो. उठल्यावर पहिलं काय करता? कुणी अंगण झाडते, कुणी पाण्याला जाते, कुणी चूल पेटवते. मग कोपऱ्यातून एखादी हळूच म्हणते, "पयले मशेरी लावतो बाई, मंग बाकीचं." सगळ्या हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी कोनाड्यात तीच डबी असते.

कुठे मिश्री म्हणतात, कुठे मशेरी, कुठे नस. नाव कोणतंही असो, डबीत असते तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटून बारीक केलेली. आपण तिला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतो. पण ही सवय आपल्या पणजीच्या पणजीपासून जशीच्या तशी चालत आलेली नाही. ती बाहेरून आली, एका ठरावीक काळात आली आणि औषधाचं सोंग घेऊन आली.

तंबाखूचं मूळ अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, तेव्हा तिथले लोक ही पानं ओढत होते. तिथून ती युरोपात गेली. फ्रान्सचा पोर्तुगालमधला वकील जाँ निको यानं १५६० च्या सुमारास आपल्या राणीकडे तंबाखू पाठवली, ती डोकेदुखीवरचं औषध म्हणून. त्याच्याच नावावरून तंबाखूतल्या विषाला निकोटिन हे नाव पडलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा याच लोकांनी आणली, त्यामुळे बाहेरून आलेलं सगळं वाईट असं आम्ही म्हणणार नाही. मिरचीनं जेवणाला चव दिली, तंबाखूनं मात्र भूकच मारली.

किनाऱ्यावरून ती दख्खनमध्ये चढली. अकबराचा एक सरदार होता, असद बेग. १६०४ च्या सुमारास तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला होता. काम होतं लग्नाचं : आदिलशहाची मुलगी अकबराचा मुलगा दानियाल याला दिली होती, तिला घेऊन यायचं होतं. तिथे त्यानं तंबाखू पाहिली आणि परतताना थोडी तंबाखू नि एक रत्नजडित चिलीम बादशहासाठी आग्र्याला नेली. दरबारात हकिमांची जुंपली. एक म्हणे हे अनोळखी पान आहे, याच्या गुणदोषाची कुणाला माहिती नाही, बादशहानं घेऊ नये. दुसरे म्हणत, फिरंगी लोक घेतात तर काहीतरी गुण असणारच. अकबरानं दोन-चार झुरके घेऊन सोडून दिलं, पण दरबाऱ्यांना गोडी लागली. पुढे त्याच्या मुलानं, जहांगीरनं, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. बंदीला कुणी जुमानलं नाही. म्हणजे तंबाखूबंदीचा पहिला हुकूम आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वी निघाला आणि चारशे वर्षांपूर्वीच तो फसला.

आता दातांकडे येऊ. तंबाखूच्या आधी आपल्याकडे दात कशानं घासत? कडुनिंबाची, बाभळीची, करंजाची काडी. नाहीतर चुलीतली राख, मीठ, कोळसा. शिवाय दात काळे करायची मिस्सी नावाची पूड असे. लग्न झालेल्या बाईचे काळे दात शोभेचे मानले जात, सौभाग्याची खूण समजले जात. म्हणजे सकाळी बोटावर काळी पूड घेऊन दातांवर फिरवणं बाईच्या हाताला नवीन नव्हतं. आम्हाला वाटतं, तंबाखूला बाईच्या तोंडात शिरायला हीच वाट सोपी पडली. चिलीम ओढणारी बाई चारचौघांच्या डोळ्यांवर आली असती. दात घासणारीकडे कोण बघतो?

मशेरी लावणाऱ्या बाईला विचारा, का लावता? दोन उत्तरं ठरलेली. "नाई लावली त पोट साफ होत नाई" आणि "दात ठणकते". दोन्ही खोटी नाहीत, आणि तिथेच पेच आहे. हिरडीची कातडी पातळ असते, तिच्यातून निकोटिन थेट रक्तात जातं. ते आतड्यांना ढुसणी देतं, म्हणून पोट हलतं. ठणका थोडा वेळ कमी झाल्यासारखा वाटतो, तोवर दात आतून किडत राहतो. काही दिवसांत शरीराला त्याची सवय होते. मग एक दिवस डबी सापडली नाही तर डोकं धरतं, चिडचिड होते, परसाकडे जाऊनही होत नाही. बाईला वाटतं मशेरी नव्हती म्हणून दुखणं आलं. खरं तर ते दुखणं मशेरीनंच लावलेलं असतं.

तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. पहाटेची ती दहा मिनिटं. पोरं उठायची असतात, सासू हाक मारायची असते, मालकाचा चहा व्हायचा असतो. ओसरीच्या पायरीवर बसून बाई बोट फिरवत असते आणि तेवढ्या वेळात तिला कुणी काम सांगत नाही. अख्ख्या दिवसात तिच्या हक्काचा तेवढाच वेळ असतो. डबी सोडा म्हटलं की तिला वाटतं, तोही वेळ गेला. मशेरीबद्दल बोलणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं, असं आमचं मत आहे. नुसती कर्करोगाची चित्रं दाखवून भागत नाही.

नुकसान किती, तेही ऐका. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बऱ्याचशा बाया मशेरीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. १०५ ग्रॅम म्हणजे दोन मोठ्या लिंबांएवढं. पण बाळ आधीच दोन-सव्वादोन किलोचं असेल तर तेवढ्यानंही फरक पडतो. आपल्याकडे कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी अर्धी भाकर खाऊन निघते आणि भूक लागली की चिमूट लावते. भूक मरते, अंगातलं रक्त मात्र वाढत नाही. ही बाई गरोदर असेल तर तिच्या पोटातलं बाळही उपाशीच.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक धोका आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हा सगळ्यांनी मास्क, हातमोजे, पंपाचं बोललं. फवाऱ्यासाठी पाणी आणून देणारी, औषध कालवणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईच असते, हे कमी बोललं गेलं. त्याच हातानं बांधावर बसून तंबाखू मळायची किंवा मशेरीचं बोट तोंडात घालायचं, म्हणजे औषध आपल्या हातानं तोंडात नेणं झालं. हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ही सवय शेतात जाणाऱ्या प्रत्येकीला हवी, मशेरी असो की नसो.

व्यसनाविरुद्ध आपल्या वऱ्हाडात मोठी माणसं बोलून गेली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी गेले, म्हणून बाबा मामाच्या घरी वाढले. मुलीच्या बारशाला दारू-मटण न ठेवता त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा जातभाई रुसले होते. खराटा हातात घेऊन आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, असा त्यांचा क्रम. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि १९५५ च्या ग्रामगीतेत गावाच्या स्वच्छतेपासून निर्व्यसनी राहण्यापर्यंत सगळं घेतलं. आपल्या गावागावांत त्यांची भजनी मंडळं आजही आहेत. पण एक पाहा : गावात व्यसन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पारावरचा दारुडा, नाहीतर पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारा पोरगा. चुलीजवळची डबी कुणाच्या मनातच येत नाही.

कायद्याचंही तसंच झालं. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. २००३ मध्ये तंबाखूचा मोठा कायदा आला, शाळेजवळ विकायला आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायला मनाई झाली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. हे सगळं कारखान्याला आणि दुकानाला लागू. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणता इन्स्पेक्टर पकडणार? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायांमागे साधारण सतरा जणी तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होत्या. यातल्या बिडी-सिगारेटवाल्या अगदी थोड्या. बाकीच्यांची तंबाखू डबीत, चंचीत, नाहीतर पुडीत.

म्हणून हे काम गटातच होण्यासारखं आहे. आम्ही पाहिलं आहे की एकटीनं सोडलं तर घरातल्या दुसरीची डबी समोर दिसते आणि चौथ्या दिवशी बोट आपोआप जातं. सासू-सून किंवा जावा-जावा मिळून सोडतात तेव्हा टिकतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चहा गोड लागत नाही, पोरांवर हात उगारला जातो. म्हणून कापूस वेचणीच्या धावपळीत किंवा घरच्या लग्नात सुरुवात करू नका, थोडा निवांत आठवडा निवडा. पोटासाठी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी आणि जेवणात अंबाडीची, तांदूळजाची, शेवग्याची भाजी. हातचाळ्यासाठी कडुनिंबाची काडी. आणि ओसरीवरची दहा मिनिटं अजिबात सोडू नका. काडी घेऊन तिथेच, तेवढाच वेळ बसा. पैशाचा हिशेबही बैठकीत मांडा : घरात दोघांची मिळून रोज वीस रुपयांची तंबाखू धरली तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. गटाच्या वहीत हा आकडा लिहिला की बाया गप्प होतात.

फारच जड गेलं तर सरकारचा १८००-११-२३५६ हा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे तंबाखू सोडायला मदत करतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तिखट झोंबायला लागलं किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिशीच्या पुढच्या बायांची तोंडाची तपासणी तिथे फुकट होते. दुखत नाही म्हणून थांबू नका, हा चट्टा सुरुवातीला दुखतच नाही.

राहिल्या सत्तरी ओलांडलेल्या आज्या. त्यांच्या दातांपैकी चार उरलेले, नवरा गेलेला, डबी हीच सोबत. त्यांच्यावर जबरदस्ती करायला आमचं मन धजत नाही. त्यांना आम्ही एवढंच मागतो, की तंबाखू भाजायला नातीला बसवू नका आणि बाळाच्या हिरडीला बोट लावू नका. बहुतेक आज्या हे ऐकतात. काही जणी मग भाजायची म्हटलं की तवा घेऊन परसात जातात, आणि घरातल्या पोरींना तो वास काय आहे हेच कळत नाही.