साष्टांग नमस्कार, विनंती विशेष

आमचे डॉक्टर हे माझे विद्यार्थी. सातवीत असताना पानिपतच्या लढाईचं साल त्यांनी १८५७ सांगितलं होतं आणि मी त्यांना तासभर बाकावर उभं केलं होतं. मी ते विसरलो होतो. ते विसरले नसावेत. कारण गुडघा दुखतो म्हणून गेलो, तर त्यांनी गुडघ्याकडे ढुंकूनही न पाहता मला वजनकाट्यावर उभं केलं.

"किती असेल सर?"

"चौऱ्याऐंशी."

"साडेशहाऐंशी. चुकलं सर."

मग रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची म्हणून जी सरासरी काढतात, ती सातच्या वर निघाली. तेव्हा मात्र डॉक्टर हसले नाहीत. "गोळी देतो, पण गोळीच्या जिवावर राहू नका. भात निम्मा करा, भाजी-डाळ वाढवा, गोड बंद. रोज अर्धा तास झपझप चाला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. डोळे आणि मूत्रपिंडं जपायची असतील तर हे करावं लागेल." सौ. शेजारीच बसली होती. एरवी ती अशा वेळी "मी सांगून थकले" हे वाक्य म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही. पर्स घट्ट धरून बसून राहिली. त्यामुळे मी जरा घाबरलो.

आता इतिहासाच्या मास्तरचं एक असतं. हाती औषधाची चिठ्ठी आली, तरी तो आधी 'हे कधीपासून सुरू झालं?' असं विचारतो. चिठ्ठी खिशात ठेवून मी पुस्तकं काढून बसलो. (बसून करण्याचा हा एकच व्यायाम मला जमतो.) आणि पहिल्याच दिवशी मला माझा जुळा भाऊ सापडला.

त्याचं नाव विल्यम बँटिंग. लंडनचा. धंदा अंत्यसंस्कारांचा, वेलिंग्टनच्या ड्यूकची १८५२ सालची अंत्ययात्रा याच घराण्याच्या पेढीने पार पाडली. इतक्या थोरामोठ्यांना पोचवणारा हा माणूस साठी उलटल्यावर स्वतःच्या बुटांच्या नाड्यांपर्यंत पोचत नव्हता. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ साली वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. जिना उलटं तोंड करून, एकेक पायरी उतरायचा. त्याने नाना उपाय केले. टर्किश बाथ घेतले. कुणी सांगितलं व्यायाम करा, म्हणून रोज सकाळी नदीवर होडी वल्हवली. ताकद वाढली, पण भूक त्याहून वाढली आणि त्याबरोबर वजनही वाढलं.

हे वाचलं आणि मला भरून आलं. कारण मीही मागे एकदा पहाटे टेकडीवर जायला लागलो होतो. टेकडी चांगली होती. पायथ्याशी मिसळही चांगली होती. दोन महिन्यांत टेकडी तेवढीच राहिली आणि मी वाढलो.

बँटिंग शेवटी कान ऐकू येईना म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेला. हे डॉक्टर विल्यम हार्वे पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकून आलेले. त्यांनी कानाऐवजी पोट पाहिलं. (गुडघ्याऐवजी वजन पाहण्याची परंपरा जुनी आहे.) पाव, साखर, दूध, लोणी, बियर, बटाटे, सगळं बंद केलं. मांस-मासे चालतील म्हणाले, वाइनही चालेल म्हणाले. वर्षभरात बँटिंगचं वजन ४६ पौंडांनी उतरलं. आनंदाच्या भरात त्याने १८६३ साली स्थूलपणावर एक पत्र लिहून पुस्तिका म्हणून छापलं आणि पहिली आवृत्ती फुकट वाटली. ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँट करणे' असं क्रियापदच झालं. स्वीडिश भाषेत तर आजही वजन उतरवण्याला 'बांता' म्हणतात.

बँटिंगच्या त्या पत्रापासून आजवर माणसं भांडतायत. आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो दिवसातून दोनदाच जेवा, दुसरा म्हणतो दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मी दोन्ही पक्षांशी संबंध राखून होतो. दोनदा जेवत होतो आणि दर दोन तासांनी खात होतो. शिवाय एकादशी पाळत होतो. एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस असतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली, तो आमच्याच आळीतला असावा.

वास्तविक वाग्भटाने अष्टांगहृदयात हा तंटा फार पूर्वी मिटवलाय. पोटाचे चार भाग समजा. दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा. एवढंच. व्यायामाबद्दलही तो म्हणतो की अंगात असेल त्याच्या निम्म्या शक्तीपर्यंतच करावा. शास्त्रातली ही एक आज्ञा मी जन्मभर पाळली. फक्त निम्म्याचं निम्मं करत गेलो.

चिरंजीवांनी मनगटाला बांधायचा पट्टा आणून दिला. पावलं मोजतो तो. "बाबा, दहा हजार झाली पाहिजेत." मी विचारलं, दहाच का? नऊ का नाही? पुन्हा पुस्तकं काढली. हा आकडा कुठल्या वैद्याने सांगितलेलाच नाही! १९६५ साली जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव ऐकायला झकास म्हणून आकडा रूढ झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांच्या पावलांचा हिशोब झाला, त्यात रोजच्या साडेचार हजारांच्या आसपासच मृत्यूचं प्रमाण चांगलं घटलेलं दिसलं आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढायचा थांबला. हे मी चिरंजीवांना विजयाने सांगितलं. त्याने माझा पट्टा पाहिला. त्यावर अकराशे होती. त्यातली शंभरेक पुस्तकाच्या कपाटापर्यंतची.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते वेगळंच आहे. शोधता शोधता मी औंधाला पोचलो आणि तिथे मला आमचे अण्णा भेटले.

साताऱ्याकडचं औंध हे संस्थान लहान, पण राजा भलताच उद्योगी. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. १९०९ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं. स्वतः चित्रं काढायचे. पण त्यांचं खरं वेड सूर्यनमस्काराचं. आधी हे महाराज सँडोच्या नादी लागले होते. युजेन सँडो हा युरोपातला नामांकित पहेलवान, १९०४-०५ साली हिंदुस्थानचा दौराही करून गेलेला. आपल्याकडे त्याची आठवण बनियनच्या रूपाने उरली आहे, आणि ती आमच्यासारख्यांच्या अंगावर फार करुण दिसते. महाराजांनी सँडोच्या पद्धतीने बरीच वर्षं व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर हटले नाहीत. स्वतः घालत, घरच्यांना घालायला लावत, आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३६ साली विलायतेला गेले, तर तिथल्या लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंना हा व्यायाम इतका पटला की १९३८ साली लंडनमध्ये त्याचं दुसरं पुस्तक निघालं. दंड-बैठकांच्या देशातला राजा साहेबाला वाकायला शिकवून आला, आणि तेही सूर्यापुढे!

आटपाडी तालुका याच संस्थानात. आमचे अण्णा आटपाडीचे, जन्म १९२४ चा. शाळेत सक्तीने लागलेली सवय त्यांना आयुष्यभर पुरली. १९४८ साली संस्थान विलीन झालं. अण्णांचे नमस्कार विलीन झाले नाहीत. पहाटे माजघरात सतरंजी, पंचवीस नमस्कार, पुटपुटत बारा नावं. 'मित्राय नमः' ऐकूनच आम्ही कूस बदलायचो. जेवताना ते नेमके दोन घास कमी खायचे. आई वाढायला आली की ताटावर आडवा हात. लग्नाच्या पंगतीतही. आम्हा भावंडांना त्याची लाज वाटायची.

मी पुण्याला शिकायला होतो तेव्हा त्यांचं दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं. हवापाणी, पीक, मनिऑर्डर, आणि शेवटची ओळ ठरलेली : "नमस्कार चालू आहेत ना?" मी उलट टपाली लिहायचो, "तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष." आयुष्यात मी घातलेले एवढेच साष्टांग नमस्कार, आणि तेही पंधरा पैशांत. शेवटी लिहायचो, "नमस्कार चालू आहेत." खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही. पत्रात तर चालू होतेच!

अण्णा २०१२ साली गेले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. आदल्या महिन्यापर्यंत कॉटच्या कडेला बसून नुसते हात वर-खाली करत बारा नावं घेत होते. आपलं खोटं त्यांना कळलं होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. कळलं असणार. सुट्टीत घरी आलो की माझ्या पोटाकडे पाहून ते काही न बोलता ताटावर आडवा हात धरायचे. माझ्या ताटावर.

गेल्या सोमवारी सौ.ने माळ्यावरून ती सतरंजी काढून उन्हात टाकली. काही बोलली नाही. मंगळवारी पहाटे मी उठलो. साष्टांगात कपाळ, छाती, दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पाय अशी आठ अंगं टेकायची असतात. पोट त्या आठांत नाही. माझं सगळ्यात आधी तेच टेकतं. नात आठ वर्षांची, दूध पीत दारात उभी राहून मोजत होती.

"आजोबा, पोट टेकलं. हा धरायचा नाही."

पहिल्या दिवशी एकही धरला गेला नाही. काल तीन धरले.