पाकग्रंथ, घर आणि राष्ट्रभाषा : पेल्लेग्रीनो आर्तूझी यांच्या ग्रंथाचा तौलनिक विचार

१

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकीय लेखन मराठीत आणले आणि तेव्हापासून मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे आपल्या राष्ट्रीय कल्पनाविश्वाचा भाग झाली. मात्र त्या वाटेने आपल्याला भेटलेला इटली गुप्त मंडळांचा, हद्दपारीचा आणि रणांगणाचा होता. घरातल्या चुलीपाशी, जेवणाच्या मेजाशी, भाकरी-भट्टीच्या उबेत आणि मद्याच्या पेल्याभोवती जो इटली हळूहळू एकत्र आला, त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या इटलीचा विचार एका पाकग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे. पेल्लेग्रीनो आर्तूझी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने छापलेला हा ग्रंथ आहे. ‘पाकशास्त्र आणि उत्तम भोजनाची कला’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने पाककृतींच्या पुस्तकाकडे का वळावे, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर इटालियन समीक्षेनेच दिलेले आहे. पिएरो काम्पोरेझी या साहित्येतिहासकाराने १९७० साली या ग्रंथाची विस्तृत प्रस्तावनेसह चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि राष्ट्रीय ऐक्याच्या कामी मांझोनी यांच्या विख्यात कादंबरीपेक्षा या पाकग्रंथाने अधिक साधले, असे प्रतिपादन केले. हे विधान वरवर पाहता चमत्कृतीपूर्ण वाटते. ते कितपत टिकते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

१८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, तेव्हा इटालियन भाषा दैनंदिन व्यवहारात वापरू शकणारे लोक अत्यल्प होते. तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे अडीच टक्के इतकेच मानले. इतर अभ्यासक ते दहा टक्क्यांच्या आसपास नेतात. कोणताही आकडा ग्राह्य धरला तरी बहुसंख्य प्रजा आपापल्या बोलीत जगत होती, हे निर्विवाद आहे. इटली घडला, आता इटालियन माणूस घडवायचा आहे, या आशयाचे उद्गार मास्सिमो दाझेल्यो यांच्या नावावर सांगितले जातात. या दाझेल्योंचेच नाव दिलेल्या फ्लॉरेन्समधील चौकात आर्तूझी राहत होते, हा योगायोग सूचक आहे.

आर्तूझी मूळचे फ्लॉरेन्सचे नव्हते. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली या गावी, सुखवस्तू व्यापारी कुटुंबात झाला. हा प्रदेश तेव्हा पोपच्या सत्तेखाली होता. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री ‘पास्सातोरे’ या नावाने कुख्यात असलेल्या दरोडेखोराच्या टोळीने गावातील नाट्यगृह ताब्यात घेतले, प्रेक्षकांना ओलीस धरले आणि एकेक श्रीमंत घर लुटले. आर्तूझींचे घरही त्यातून सुटले नाही. त्यांच्या एका बहिणीच्या मनावर या रात्रीचा असा आघात झाला की, तिचे उर्वरित आयुष्य वेड्यांच्या इस्पितळात गेले. त्यानंतर कुटुंबाने गाव सोडले आणि ते फ्लॉरेन्सला स्थायिक झाले. घरगुती सुखाचे महाकाव्य म्हणता येईल असा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर एका रात्रीत उद्ध्वस्त झाले होते. ग्रंथातील प्रसन्नतेचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

फ्लॉरेन्समध्ये त्यांनी व्यापार केला, पैसा मिळवला आणि पंचेचाळिशीच्या सुमारास निवृत्ती पत्करून साहित्याकडे मोर्चा वळवला. त्यांनी कवी उगो फोस्कोलो यांचे चरित्र लिहिले (१८७८) आणि ज्युसेप्पे ज्युस्ती यांच्या पत्रांवर टिपणे प्रसिद्ध केली (१८८१). दोन्ही पुस्तके दुर्लक्षित राहिली. पाकग्रंथाचे हस्तलिखितही प्रकाशकांनी परतवले. त्याला फारसे यश लाभणार नाही, असे भाकीत व्हेरोनातील एका विद्वान प्राध्यापक-मित्राने केले. उलट, मानवशास्त्रज्ञ पाओलो मांतेगात्सा यांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. भारतात येऊन निलगिरीतील तोडा लोकांविषयी लिहिणारे मांतेगात्सा ते हेच. अखेर सत्तरीत पोहोचलेल्या लेखकाने एक हजार प्रती पदरमोड करून छापल्या. त्यांत ४७५ पाककृती होत्या. जन्मगावातील एका धर्मादाय सोडतीत दोन प्रती बक्षीस म्हणून ठेवल्या गेल्या, तेव्हा ज्यांना त्या लागल्या त्यांनी पुस्तकाची टवाळी करून त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकल्या. हा प्रसंग लेखकाने नंतरच्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात स्वतःच सांगितला असून आपल्या पुस्तकाच्या कहाणीला सिंड्रेलाच्या कथेची उपमा दिली आहे. १९१० पर्यंत ग्रंथाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या आणि पाककृतींची संख्या ७९० झाली.

३

ही वाढ कशी झाली, हा प्रश्न वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. आर्तूझी पुस्तक आपल्या घरून टपालाने पाठवीत. त्यामुळे वाचक, आणि त्यांतही गृहिणी, त्यांना थेट पत्रे लिहीत. कोणी चूक दाखवी, कोणी आपल्या गावची रीत कळवी, कोणी एखादा पदार्थ राहून गेल्याची तक्रार करी. या सूचना घरी करून पाहिल्या जात आणि पसंतीस उतरल्या तर पुढील आवृत्तीत समाविष्ट होत. अर्थात आज आपल्यासमोर असलेली संहिता वीस वर्षे वाचकांशी चाललेल्या संवादातून सिद्ध झालेली आहे. लेखक, वाचक आणि संहिता यांच्या परस्परसंबंधांची इतकी सजीव साक्ष त्या काळातील कादंबरीतही सहसा सापडत नाही.

भाषेच्या संदर्भात ग्रंथाचे कार्य अधिक स्पष्ट दिसते. तत्कालीन इटालियन पाकग्रंथांवर फ्रेंच परिभाषेचा मोठा पगडा होता. आर्तूझींनी ती कृत्रिम शब्दरचना शक्य तेथे टाळली आणि फ्लॉरेन्समधील जिवंत बोलीवर आधारलेले सुबोध गद्य योजिले. सर्वांना कळणार नाहीत अशा तोस्कान शब्दांची अर्थासह यादी त्यांनी ग्रंथारंभी दिली. मांझोनी यांनी आपल्या कादंबरीची भाषा फ्लॉरेन्सच्या वळणावर नेली होती. १८६८ मध्ये शासनाला दिलेल्या अहवालातही त्यांनी तोच आदर्श पुरस्कारिला होता. जो कार्यक्रम मांझोनींनी साहित्य व शाळा यांच्यासाठी आखला, तो आर्तूझींनी स्वयंपाकघरात नेला, असे म्हणता येईल. फरक इतकाच की, कादंबरी एकदा वाचून कपाटात जाते. पाकग्रंथ मात्र रोज उघडला जातो, त्याला तुपाचे-पिठाचे डाग पडतात आणि त्यातील शब्द हातांच्या सवयीत उतरतात. काम्पोरेझींच्या विधानातील तथ्य येथे आहे.

आणि हे गद्य कोरडे नाही. टोमॅटोच्या सॉसची कृती एका उचापती धर्मगुरूच्या गोष्टीने सुरू होते. तो सगळ्यांच्या घरात नाक खुपसत असे. टोमॅटोही सगळ्या पदार्थांत शिरतो, म्हणून लोकांनी त्याचे नावच ‘दोन पोमोदोरो’ ठेवले. बटाट्याच्या न्योक्कीत पीठ कमी पडल्याने त्या उकळत्या पाण्यात विरघळून दिसेनाशा झाल्या, ही फजितीही कृतीच्या ओघात येते. १८५५ च्या उन्हाळ्यात लिव्होर्नो येथे मिनेस्त्रोने खाल्ल्यावर लेखकाला रात्रभर पोटाच्या यातना झाल्या. दोष त्या सुपाला देऊन तो फ्लॉरेन्सला परतला. नंतर कळले की शहरात पटकीची साथ होती आणि ज्या घरात आपण उतरलो होतो त्याचा मालक तिला बळी पडला. मृत्यूला असे निसटते शिवून आलेला निवेदक लगेच भाज्या कशा चिराव्यात हे सांगू लागतो. भय आणि भूक यांना एकाच परिच्छेदात नांदवणारी ही शैली ललित गद्याच्या इतिहासात नोंदवली जावी, इतकी लक्षणीय आहे.

४

ग्रंथाच्या उपशीर्षकात तो कुटुंबांसाठी असल्याचे म्हटले आहे. पूर्वीच्या पाकग्रंथांशी त्याची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. आपल्याकडे चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोग व पानीयभोग ही प्रकरणे आहेत. तेथे आस्वाद हा राजाचा भोग आहे. आर्तूझींच्या ग्रंथात त्याचा धनी मध्यमवर्गीय नागरिक झाला आहे आणि त्याचे स्थान राजवाडा नसून चार-सहा पाहुण्यांचे मेज आहे.

या घरातील भाजकामही साधेच होते. आधुनिक ओव्हन घराघरांत पोहोचण्यापूर्वी खाली-वर निखारे ठेवून केक भाजला जाई. पातेल्याच्या झाकणावर निखारे रचून नानकटाई करणाऱ्या मराठी गृहिणीला ही पद्धत ओळखीची वाटेल. या रीतीने होणाऱ्या एका गोड पावाला आर्तूझींनी ‘पानेत्तोने मारिएत्ता’ असे नाव दिले आणि मिलानच्या बाजारातील पानेत्तोनेपेक्षा तो सरस असल्याचा निर्वाळा दिला.

मद्याचा विचार केला तर त्या काळच्या राष्ट्रजीवनाशी त्याचे धागे आश्चर्यकारक रीतीने जुळलेले दिसतात. कियांती मद्याचे सांजोव्हेझे, कानायोलो व माल्वाझिया या द्राक्षांवर आधारलेले मिश्रण १८७२ च्या एका पत्रात नमूद करणारे बेत्तीनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान होते. सिसिलीतील मार्साला या मद्याचा व्यापार १७७३ पासून इंग्रज व्यापारी जॉन वुडहाउस याने वाढवला आणि ११ मे १८६० रोजी गॅरिबाल्डी आपल्या स्वयंसेवकांसह उतरला तो त्याच मार्सालाच्या बंदरात. आर्तूझींच्या झाबाल्योने या पदार्थात अंड्याचा बलक आणि साखर यांच्या जोडीला सायप्रस, मार्साला किंवा मदेरा येथील मद्य घालण्यास सांगितले आहे. येथे मद्य व्यसन म्हणून येत नाही, तसेच प्रतिष्ठेचे प्रदर्शन म्हणूनही येत नाही. मीठ-लोण्यासारखाच तो घरच्या कोठीतला एक जिन्नस आहे. मद्य म्हटले की धर्म, जात आणि नीती यांचे प्रश्न उभे राहणाऱ्या आपल्या समाजातील वाचकाने हा सहजपणा मुद्दाम ध्यानात घ्यावा.

५

तथापि या सुखाच्या मेजावर सर्वांना जागा होती का? लेखक स्वतःच सांगतो की, आपण सुस्थितीतील वर्गांशी बोलत आहोत. केवळ मक्याच्या पोलेंतावर गुजराण केल्याने पेलाग्रा या रोगाने ग्रासलेला उत्तर इटलीतील शेतकरी या पानांच्या बाहेरच राहतो. प्रादेशिक दृष्ट्याही तोल एमिल्या-रोमान्या व तोस्काना यांच्याकडे झुकलेला आहे. सिसिलीची मासळी घातलेली मॅकरोनी येते, नेपल्सच्या नावाचा पिझ्झाही येतो. पण तो रिकोत्ता व बदाम घातलेला गोड पदार्थ आहे. दक्षिणेचे दर्शन असे तुरळकच घडते.

याच्या जोडीला एक उदार नोंदही आहे. वांगी व बडीशेपेचे कंद यांना पूर्वी फ्लॉरेन्समध्ये ज्यूंचे अन्न म्हणून हीन लेखले जाई, असे सांगून आर्तूझी ज्यूंच्या रसनेचीच तारीफ करतात आणि ‘कुस्कुस’ला त्यांचा पदार्थ म्हणून ग्रंथात सन्मानाने स्थान देतात. १९३८ मध्ये याच देशात ज्यूविरोधी वंशकायदे झाले. राष्ट्राच्या कायद्याने ज्यांना बाहेर काढले, त्यांना राष्ट्राच्या पाकग्रंथाने आधीच आत घेतले होते, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. आर्तूझी अविवाहित होते. त्यांच्या घरी फ्रांचेस्को रुफिल्ली हा स्वयंपाकी आणि मारिएत्ता साबातिनी ही घर सांभाळणारी स्त्री होती. मालक सुचवी, वाचे, चाखे आणि लिही. प्रयोगांचे कष्ट मुख्यतः या दोघांचे. मुखपृष्ठावर त्यांची नावे नाहीत. मारिएत्ताचे नाव एका पावाला मिळाले. परंतु ३० मार्च १९११ रोजी आर्तूझी निवर्तले, तेव्हा मृत्युपत्रान्वये ग्रंथाचे हक्क त्यांनी या दोघांच्या नावे केल्याचे स्पष्ट झाले. साहित्येतिहासाने जे सहलेखकत्व मान्य केले नाही, ते मृत्युपत्राने एका परीने मान्य केले.

६

मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ १९१० साली, म्हणजे आर्तूझींच्या हयातीतच आला. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. काम्पोरेझींची आवृत्तीही त्याच वर्षीची. या दोन्ही मराठी ग्रंथांच्या कर्त्या स्त्रिया आहेत आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहे. मारिएत्ताला जे लाभले नाही, ते मराठी पाकग्रंथाने स्त्रीला दिले. दुसरा भेद भाषेचा आहे. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात दाखवले की, भारतात ‘राष्ट्रीय’ पाकशैलीची कल्पना प्रामुख्याने इंग्रजीतील पाकग्रंथांतून, शहरी मध्यमवर्गासाठी घडत गेली. इटलीत पाकग्रंथाने राष्ट्रभाषा घरात आणली. आपल्याकडे राष्ट्राचे जेवण इंग्रजीत लिहिले गेले आणि घराचे जेवण देशी भाषांत राहिले. या विभागणीमुळे मराठी पाकग्रंथ ‘प्रादेशिक’ ठरला, आणि प्रादेशिक म्हणून साहित्यविचाराच्याही बाहेर पडला. हे नुकसान केवळ अन्नाच्या इतिहासाचे नाही. घरातील भाषा, स्त्रियांचे गद्य, मापांची व हाताच्या अंदाजाची परिभाषा या साऱ्यांची नोंद त्या पानांतच आहे.

फोर्लिम्पोपोलीत १९९७ पासून आर्तूझींच्या नावाने उत्सव भरतो आणि २००७ मध्ये तेथे गृह-पाककलेला वाहिलेले केंद्र सुरू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात झालेल्या युनेस्को समितीच्या बैठकीत इटालियन पाकपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा मान्यतेच्या मुळाशी दीर्घ काळ केलेले संहितांचे जतन, त्यांचे चिकित्सक संपादन आणि त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची तयारी असते. काम्पोरेझींनी आर्तूझींसाठी जे केले, ते लक्ष्मीबाईंच्या ग्रंथासाठी करणारी चिकित्सक आवृत्ती हे तौलनिक अभ्यासाचे एक निकडीचे काम मानले पाहिजे.