दुसऱ्या माणसाचे काम

थांबलेले हृदय पुन्हा चालते करावयाचे, तर पूर्वी छाती चिरून ते मुठीत धरावे लागे. आणि हे शस्त्रवैद्यावाचून कोणाला साधणार? १९६० च्या जुलैत अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतून एक लेख प्रसिद्ध झाला आणि ही अडचण दूर झाली. त्याचे एक लेखक कौवेनहोवेन हे वैद्य नव्हेतच, विद्युत्-अभियंते. त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर कुत्र्यांवर प्रयोग करीत असता त्याला दिसले, की विजेच्या धक्क्यासाठी तबकड्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी धमनीतला रक्तदाब किंचित चढतो. म्हणजे हृदयाला बाहेरूनही हात पोचतो! शस्त्रवैद्य ज्यूड यांनी ही कृती रुग्णांपर्यंत नेली. लेखात २० रुग्णांची हकीकत होती. त्यांपैकी १४ जगले.

त्याच शहरात पीटर सेफर यांनी, तोंडातून तोंडात फुंकलेली हवा पुरते, हे १९५८ पर्यंत सिद्ध केले होते. त्यासाठी काही स्वयंसेवकांनी औषधाने आपला श्वास थांबवून घेतला. (त्यांच्या धैर्याची आठवण क्वचितच निघते.)

आता कृती दोन, माणसेही दोन असली तर वाटणी सरळ दिसे: एकाने दाबावे, दुसऱ्याने फुंकावे. ५ दाब, १ श्वास. एकटाच असेल त्याने १५ दाब, २ श्वास. कित्येक दशके प्रौढ रुग्णांसाठी हेच शिकविले गेले. वाटणी देखणी होती, पण रक्ताला मानवली नाही. दाबामागून दाब पडत गेला, तरच हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत जोर साठतो. हात थांबला की तो ओसरतो. पाचव्या दाबाला थांबणे म्हणजे पोहरा वर येण्याआधीच रहाट सोडून देणे. २००० साली दोघांनाही १५ दाब व २ श्वास, आणि २००५ साली ३० दाब व २ श्वास हे प्रमाण आले.

मला मात्र २००५ च्या नियमांतील निराळीच गोष्ट मोलाची वाटते. दाबणाऱ्याचे दाब एक-दोन मिनिटांतच उथळ पडू लागतात आणि ते त्याचे त्याला कळत नाही, असे प्रयोगांत दिसले होते. थकलास का, असे विचारले तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. म्हणून विचारायचेच नाही. दर २ मिनिटांनी, थकवा जाणवो न जाणवो, जागा बदलायची, आणि तीही ५ सेकंदांच्या आत. श्वास देणारा दुसरा माणूस आता समोर गुडघे टेकून जोडीदाराची मोजणी ऐकतो, दाब उथळ होत नाहीत ना हे पाहतो, आणि पाळी येताच, जोडीदार उचलतो न उचलतो तोच, आपले हात त्याच जागी ठेवतो.