फटफटीच्या दिव्याचा इतिहास



यंत्रांचा इतिहास सांगतांना आपण बहुधा वेग, शक्ति आणि किंमत यांचाच विचार करतों. परंतु ज्या यंत्रावर बसून माणूस रात्रीं घरीं परततो, त्याच्या दिव्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. घाटांतल्या वळणावर फटफटीचा दिवा एकाएकीं विझला, तर केवळ उजेड जात नाहीं. स्वाराच्या पुढचा रस्ताच नाहींसा होतो. हा दिवा कां विझतो, याचें उत्तर पुष्कळसें त्याच्या इतिहासांतच आहे.

१८८५ सालीं जर्मनींत डाइमलर आणि मायबाख या जोडीनें पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली. पुढें अशीं यंत्रें रस्त्यावर आलीं तेव्हां त्यांना प्रथम तेलाचे आणि मग कार्बाइडचे दिवे लावीत. हें कार्बाइड म्हणजे आंबे पिकविण्यासाठीं चोरून वापरलें जातें तेंच. १८९२ सालीं अमेरिकेंत विल्सन यांना तें मोठ्या प्रमाणावर बनविण्याची रीत सांपडली. दिव्याच्या वरच्या कप्प्यांतून पाण्याचा थेंब थेंब खालच्या कार्बाइडवर पडे, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे आणि तो जळून शुभ्र प्रकाश देई. या दिव्यांतही बिघाड होत. पाणी संपे, कार्बाइड संपे, वायूची नळी तुंबे. परंतु प्रत्येक दोष डोळ्यांना दिसे व हाताला सांपडे. बारीक तार घालून नळी साफ केली कीं काम भागे.

विजेनें ही सोय हिरावून घेतली. ठिणगीसाठीं वीज लवकर आली. बॉश यांच्या कारखान्यांत १९०२ सालीं होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. दिव्याची वीज मात्र रखडली. अमेरिकेंतील ‘इंडियन’ मोटारसायकलींच्या कारखान्यानें १९१४ सालीं विजेचा दिवा आणि विजेनें सुरू होणारें इंजिन असलेली गाडी काढली. पण तिच्या बॅटऱ्यांना तो भार झेपला नाहीं व ती लवकरच मागें घ्यावी लागली. १९१५ सालीं हार्ले-डेव्हिडसननेंही विजेचा दिवा दिला. इंग्लंडांत ल्यूकस कंपनीनें मॅग्नेटो व डायनॅमो एकत्र बांधून ‘मॅगडायनो’ काढला. मॅग्नेटोनें ठिणगी द्यावी आणि डायनॅमोनें बॅटरी भरून दिवा पेटवावा, अशी ही वांटणी होती. तिच्यांत एक धोकाही होता. ठिणगीला बॅटरीची गरज नसल्यामुळें दिवा गेला तरी इंजिन बंद पडत नसे. गाडी त्याच वेगानें अंधारांत शिरे.

बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांनीं १८८० च्या सुमारास सायकलींसाठीं जो तेलाचा दिवा काढला, त्याचें नांव ‘रस्त्याचा राजा’ असें होतें. पुढें त्याच कंपनीच्या विजेच्या सामानाला थट्टेनें ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणूं लागले. ही थट्टा सर्वस्वीं न्याय्य होती काय? थोडें गणित करूं.

६ व्होल्टांवर ३० वॅटचा दिवा ५ ॲम्पिअर वीज घेतो. म्हणजे त्याचा रोध १.२ ओहम झाला. आतां एखाद्या गंजलेल्या जोडामुळें मार्गांत ०.३ ओहमचा जादा रोध आला असें समजा. ढोबळ मानानें दिव्याच्या वांट्याला ६ ऐवजीं ४.८ व्होल्ट येतात आणि उजेड निम्म्याच्या आसपास उतरतो. तोच ३० वॅटचा दिवा १२ व्होल्टांचा असेल, तर तितक्याच रोधानें त्याला सुमारें ११.३ व्होल्ट मिळतात. उजेडांत फरक पडतो, पण थोडा. तात्पर्य, जुन्या दिव्यांच्या दुर्लौकिकाचा बराच वांटा ६ व्होल्टांच्या पदरीं घातला पाहिजे.

उरलेला वांटा परतीच्या वाटेचा. वीज बॅटरींतून दिव्याकडे तारेनें जाते. परत येतांना मात्र जुन्या गाड्यांत ती बहुधा लोखंडी सांगाड्यांतूनच येई. कारागीर यालाच ‘अर्थ’ म्हणतात. सांगाड्यावर रंग चढतो, गंज धरतो, हँडल सतत वळत असतें, इंजिन हादरत असतें. अशा जागीं जोड सैल होणारच. दिवा मंद झाला कीं लोक बल्ब बदलतात आणि नवा बल्बही मंदच जळतो, तें याचमुळें. म्हणून परीक्षा क्रमानें करावी. दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोंकापर्यंत एक जादा तार तात्पुरती धरावी. उजेड वाढला तर दोष परतीच्या वाटेंत आहे. इंजिनाचा वेग वाढतांच उजेड वाढत असेल व वेग उतरतांच मावळत असेल, तर प्रथम बॅटरी आणि ती भरणारी व्यवस्था तपासावी. बल्बमागून बल्ब जळत असतील, तर व्होल्टांना आवर घालणाऱ्या रेग्युलेटरचा संशय घ्यावा.

आपल्याकडे १९५५ सालीं मद्रासला बुलेट तयार होऊं लागली, तीही दीर्घकाळ ६ व्होल्टांवरच चालली. पुढें डायनॅमोची जागा आल्टरनेटरनें घेतली, १२ व्होल्टांचा प्रघात पडला आणि परतीसाठीं स्वतंत्र तार देण्याची चाल रूढ झाली. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागला पाहिजे, असा नियम आला. हेतु स्तुत्यच आहे. समोरच्यास आपण दिसतों. परंतु दिवसा लागलेल्या दिव्याकडे आपलें लक्ष नसतें. तो अर्धाच जळत आहे, हें अंधार पडल्यावर कळतें, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो.

तेव्हां घरांतला मुलगा वा मुलगी सायंकाळीं गाडी काढील, त्या वेळीं दिव्याचा झोत क्षणभर समोरच्या भिंतीवर पाडून पाहावयास सांगावें. कार्बाइडच्या दिव्याची ज्योत मालकास रोज स्वतः पाहावी लागे. यंत्र सुधारलें म्हणून ती दक्षता सोडण्याचें कारण नाहीं.