हौसिंगचा आवाज : जीपच्या मागच्या आसाच्या निदानाचा इतिहास

बैलगाडीचा आस जागच्या जागी स्थिर असतो आणि तिची दोन्ही चाके त्याच्या टोकांवर एकमेकांशी संबंध न ठेवता फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते ही अडचण गाडीवानाला कधी जाणवत नाही. आसाकडूनच चाके फिरवून घ्यायचे ठरले, तेव्हा ही अडचण प्रथम उभी राहिली. ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच यंत्रकाराने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेतलेली डिफरेन्शियलची रचना हे तिचे उत्तर होते. या रचनेत आस मधोमध दुभंगलेला असतो आणि त्याच्या दोन अर्ध्या भागांमध्ये बसवलेली छोटी दातेरी चाके दोन्ही बाजूंना शक्ती पोचवतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात. मराठी कारागिरांच्या बोलीत या छोट्या चाकांना ‘स्टार’, त्यांना फिरवणाऱ्या मोठ्या चक्राला ‘क्राउन’, इंजिनाची शक्ती मागे आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाशी राहून क्राउनला चालवणाऱ्या दांड्याला ‘टेल पिनियन’ आणि हे सारे पोटात घेणाऱ्या लोखंडी कवचाला ‘हौसिंग’ म्हणतात.

या कवचाच्या आत काय बिघडले आहे हे ते न उघडता ओळखण्याची विद्या खऱ्या अर्थाने विस्तारली ती जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीच्या पुस्तिकाही जगभर गेल्या. अमेरिकी लष्कराने १९४४ मध्ये काढलेली टीएम ९-८०३ ही पुस्तिका गाडी वापरणाऱ्या तुकडीसाठी होती, तर आसाच्या पोटातील कामासाठी टीएम ९-१८०३बी ही वेगळी पुस्तिका वरच्या दर्जाच्या कार्यशाळांकडे असे. बिघाड ज्याच्या कानावर प्रथम पडतो त्याने हौसिंग खोलायचे नाही, अशी ही वाटणी होती. साहजिकच बाहेरून ऐकून, हलवून आणि तेल पाहून केलेल्या निदानाला मोल आले.

तेलाचा प्रश्न त्यापूर्वी दोन दशके उपस्थित झाला होता. सुरुवातीच्या मोटारींत क्राउन आणि पिनियन यांचे अक्ष एकमेकांना छेदत असत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने ‘हायपॉइड’ ही जोडी तयार केली, ज्यात पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे पिनियन जाड व बळकट होतो आणि जोडी शांत चालते. पण दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही. या घसरणीपुढे साधे तेल टिकत नाही, म्हणून धातूच्या पृष्ठभागाशी रासायनिक संयोग पावणारी, गंधकासारखी द्रव्ये घातलेली तेले वापरात आली. त्यांचा उग्र वास जुन्या गॅरेजांत आजही ओळखीचा आहे. जीपचे आस हायपॉइडचेच होते. अशा हौसिंगमध्ये हाताशी असलेले कोणतेही घट्ट तेल ओतले की दातांवर ओरखडे उठत आणि काही दिवसांत गाडी रडू लागे. पिनियनच्या माथी मारलेले कित्येक दोष मुळात तेलाच्या डब्याचे होते, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आवाजाची उकल दाताला दोन बाजू असतात या साध्या गोष्टीवर उभी आहे. ॲक्सिलरेटर दाबला की भार एका बाजूवर येतो आणि पाय उचलताच तो दुसऱ्या बाजूवर जातो. म्हणून फक्त ओढताना किंवा फक्त सोडताना येणारी घरघर बहुधा क्राउन-पिनियनची असते, वळणावरच उमटणारा आवाज स्टारचा असतो, आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवताच बदलणारी गुरगुर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. दातांची गणतीही उपयोगी पडते. लष्करी जीपच्या क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दाते होते. युद्धोत्तर नागरी जीपमध्ये क्राउनचे दाते ४३ झाले आणि गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ वर गेले. तेव्हा सरळ रस्त्यावर चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच ‘टक्’ ऐकू आले तर दोष क्राउनच्या दाताचा आणि पाचाच्या आसपास ठोके पडले तर पिनियनचा, हा हिशेब कागद-पेन्सिलीविना करता येतो.

हौसिंग खोलल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजे गावोगावच्या मारुतीला फासला जातो तोच शेंदूर, तेलात कालवून दातांवर लावायचा, चक्र फिरवायचे आणि ठसा कोठे उमटतो ते पाहायचे, ही पद्धत कारखान्यांतून पुस्तिकांत आणि तेथून गॅरेजांत आली. ठसा दाताच्या मुळाशी सरकला तर पिनियन फार आत बसला आहे आणि टोकाकडे गेला तर फार बाहेर, असे समजून पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त केल्या जातात. मात्र क्राउन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेली जोडी असते. वर्षानुवर्षे एकमेकांशी झिजलेले दाते नव्या शिमांनी हलवले तर पूर्वी नसलेला आवाज जन्माला येतो. जुन्या, पण स्थिर गुणगुणीला हात न लावणे हाही निदानाचाच एक निष्कर्ष आहे.

चारचाकी ओढीची गाडी या सगळ्यात एक फसवा दोष मिसळते. जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांना जोडणारे मधले डिफरेन्शियल नाही. पुढची ओढ लावून गाडी डांबरी रस्त्यावर चालवली, किंवा टायर कमी-जास्त झिजलेले असले, की दोन्ही आसांत पीळ साठतो, पुढच्या ओढीचा लिव्हर निघेनासा होतो, धक्के बसतात आणि संशय मागच्या हौसिंगवर येतो.

हाच पुढचा आस निदानाचे साधनही ठरला. लष्करी जीपचा मागचा आस ‘पूर्ण तरंगता’ होता, म्हणजे गाडीचे वजन हबच्या बेअरिंगवर असे आणि आतील दांड्याकडे केवळ फिरवण्याचे काम उरे. दोन्ही दांडे ओढून काढले आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला, तरी गाडी पुढच्या चाकांवर चालत असे. तेव्हा मागचे डिफरेन्शियल निश्चल असे आणि तरीही आवाज आला तर ते निर्दोष ठरे. युद्धानंतर नागरी जीपमध्ये अर्धतरंगता आस आला, ज्यात चाक दांड्यावरच बसते आणि दांडा काढणे म्हणजे चाकच काढणे होते. परीक्षा मग निम्मी राहिली : शाफ्ट सोडला तरी रस्त्यावरील चाके क्राउन-पिनियनला फिरवतच राहतात, फक्त भाराविना; त्यामुळे भाराची घरघर थांबते आणि बेअरिंगची चालू राहते.

महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी या नागरी नमुन्याच्या गाड्या भारतात कित्येक वर्षे बनत राहिल्या, त्यामुळे येथील कारागिरांच्या वाट्याला हा अर्धतरंगता आस आला. त्याच्या दांड्याचे टोक निमुळते असून त्यावर हब चावीने आणि नटाने घट्ट बसवलेला असतो. नट सैल झाला की हब निमुळत्या टोकावर किंचित सरकतो आणि गिअर बदलताना किंवा पाय उचलताना असा ‘खट्’ आवाज देतो की तो थेट क्राउनमधून आल्यासारखा वाटतो. म्हणून जाणता कारागीर हौसिंगच्या झाकणाचे बोल्ट सोडण्याआधी मागच्या चाकांची टोपणे काढून त्या दोन नटांना पाना लावून पाहतो.