वहीतल्या पायऱ्या आणि सेटअपची फाइल

आज चोरखमाऱ्यात बसून कुणाला उर्दू टाइप करायचं असेल, तर एका फाइलवर दोनदा क्लिक करणं पुरतं. विंडोज एक्सपीच्या दिवसांत असं नव्हतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांवर खूण करायची, मग संगणक विंडोजची सीडी मागायचा. सीडी असायची शहरातल्या दुकानदाराकडे. त्यानंतर संगणक बंद-चालू, मग कीबोर्ड, मग फॉन्ट. या सगळ्या पायऱ्या मी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. लिपीची पायरी राहिली तर अक्षरं सुटी सुटी पडायची. फॉन्टची राहिली तर नस्तालीकऐवजी नस्ख दिसायचं. मग प्रश्नपत्रिका हातानेच लिहावी लागे.

अशीच वही संगणकाच्या हवाली करण्याचं काम १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी केलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. कोणती फाइल कशापासून बनते हे एकदा लिहून द्यायचं, म्हणजे जे बदललं तेवढंच ते नव्याने बनवतं. त्यात एक खोड मात्र राहिली. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. उर्दूवाल्यांना हे सांगायला नको. आपल्याकडे एक नुक्ता वरचा खाली आला की ख़ुदाचा जुदा होतो. खोड कळेपर्यंत डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची अडचण नको म्हणून फेल्डमन यांनी ती तशीच ठेवली.

पुढे हीच रीत सेटअपपर्यंत आली. १९९७ मध्ये जॉर्डन रसेल यांचं 'इनो सेटअप' आलं. त्यात फॉन्टसाठी एक ओळ लिहिली की फाइल योग्य जागी जाते, विंडोजच्या नोंदीत चढते आणि प्रोग्राम काढताना निघूनही जाते. यातली शेवटची पायरी माझ्या वहीत कधीच नव्हती!

भाषावाल्यांच्या खरं कामाचं ठरलं ते मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर. पडद्यावर कळांचं चित्र दिसतं, हव्या त्या कळेवर हवं ते अक्षर ठेवायचं आणि मेनूतून सेटअप बनवायला सांगायचं. वेगवेगळ्या प्रोसेसरसाठीच्या फाइली तेच तयार करतं. स्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नाही. त्यामुळे कीबोर्ड बनवणं प्रोग्रामरच्या हातून शिक्षकाच्या, कातिबाच्या हातात आलं. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या एम. बिलाल एम. यांनी 'पाक उर्दू इन्स्टॉलर' काढला. त्यात कीबोर्ड, फॉन्ट आणि एक्सपीवर उर्दू सुरू करण्याची खटपट एकाच फाइलमध्ये बांधलेली होती. म्हणजे माझी अख्खी वहीच.

मीही उर्दूचा एक कीबोर्ड बनवला. जुन्या संगणकावर सहज झाला. विंडोज १० वर मात्र ते लेआउट क्रिएटर आधी डॉटनेटची जुनी आवृत्ती मागतं, आणि ती इंटरनेटवरून उतरवावी लागते. वही पुन्हा काढली आणि ही पायरी तिच्यात लिहून ठेवली.