बोटाचे ठसे जुळत नसतील, तर डोळ्यांवरून ओळख कशी पटते?

शेतात, बांधकामावर वर्षानुवर्षं राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मग रेशन दुकानातलं यंत्र अंगठा ओळखत नाही आणि हक्काचं धान्य अडकतं. २०१० साली नंदुरबारमधल्या टेंभली गावातून वाटप सुरू झालेल्या ‘आधार’मध्ये बोटांसोबत दोन्ही डोळ्यांचंही स्कॅन घेतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

स्कॅन होतं ते बुबुळाचं, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचं. त्यातली बारीक नक्षी बाळ पोटात असतानाच तयार होते. जुळ्यांची नक्षी वेगळी असते. इतकंच काय, एकाच माणसाचा डावा डोळा उजव्याशी जुळत नाही. गडद डोळ्यांत ती साध्या उजेडात नीट दिसत नाही, म्हणून कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाश वापरतो. तो लेझर नव्हे. ही नक्षी अंकांत मांडून जुळवण्याची पद्धत केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांची. १९८४ साली निर्वासित छावणीत टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रातली अफगाण मुलगी म्हणजे शरबत गुलाच, हे २००२ मध्ये त्यांनी बुबुळं ताडूनच पक्कं केलं.

अर्थात, दुकानात फक्त अंगठ्याचं यंत्र असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

आणखी एक अडचण आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बुबुळ नाही. त्यासाठी यूआयडीएआयच्या वेबसाइटवर ‘बायोमेट्रिक लॉक’ची सोय आहे. फक्त रेशन आणायला जाण्याआधी ते उघडायला विसरू नका.